अळंबीचं लॅटिन बारसं

लॅटिन ही मेलेली भाषा आहे असं म्हणतात. साफ खोटं. मेलेल्याला एकदा पोचवून आलं की तो निदान कुणाच्या पोटावर पाय देत नाही. ही बया तीन-चारशे वर्षं तिरडीवर उठून बसलेली आहे, आणि दोन हजार चारच्या सुमाराला मिनेसोटातल्या एका विद्यापीठात तिनं माझी पीएचडी दोन्ही हातांनी आवळून धरली होती.

मी अळंब्यांवर पीएचडी करत होतो. विद्यापीठाजवळच्या ईडन प्रेरी या उपनगरातल्या मराठी मंडळींत हे सांगणं म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःची फजिती वाढून घेणं. "कशावर पीएचडी?" "अळंबी." "म्हणजे?" "मशरूम." "हात्तिच्या! कुत्र्याच्या छत्र्या!" ज्यानं त्यानं घरून पदार्थ आणायचा अशा एका पॉटलकमध्ये छोल्यांचं पातेलं संपेपर्यंत हा संवाद माझ्याशी चारशे माणसांनी केला, आणि हॉलमध्ये माणसं होती साठ. सगळे आयटीतले. मी एकटा छत्र्यांतला.

त्यातला एक पुण्याचा मित्र मात्र माझ्या उपयोगी पडला. तो तिथल्या एका मोठ्या कंपनीच्या कॅम्पसवर सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा. पुण्याच्या माणसाला या कामाचा पगार देणारा देश मोठाच म्हटला पाहिजे. एका सप्टेंबरात मी त्याच्या कॅफेटेरियात जेवायला गेलो. तिकडे फुलझाडांच्या बुंध्याशी लाकडाचा चुरा पसरतात, त्याला मल्च म्हणतात. ट्रकच्या ट्रक भरून येतो कुठून तरी. त्या चुऱ्यात अळंब्या उगवल्या होत्या. तपकिरी, चिकट, बशीएवढ्या. आणि किती? पार्किंगपासून रिसेप्शनपर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. एक व्हाइस प्रेसिडेंट त्यांच्यावरून घसरले ते थेट तिसऱ्या बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये जाऊन बसले, असं मित्र आजही शपथेवर सांगतो.

मी एक तोडून हुंगली. भुईमुगाच्या ओल्या शेंगांच्या टरफलांचा वास. असा वास येणारी अळंबी माझ्या वाचनात नव्हती. डिसेंबरपर्यंत पुस्तकं चाळली, सूक्ष्मदर्शकात डोळे घातले, डीएनए काढून पाहिला. कुठंच जुळेना. नवी जात!

माझ्या गाइडबाई पक्क्या मिनेसोटाच्या. आनंद झाला की म्हणायच्या "इंटरेस्टिंग", दुःख झालं की म्हणायच्या "इंटरेस्टिंग", आणि लॅबला आग लागली असती तर खुर्ची जरा मागे सरकवून तेच म्हणाल्या असत्या. माझे कागद पाहून त्या तसंच म्हणाल्या, आणि पुढे: "ही जात छापून आली की तुझं शेवटचं प्रकरण झालं. उन्हाळ्याच्या आत व्हायला हवं. त्यानंतर तुझी असिस्टंटशिप चालू राहील असं मी सांगू शकत नाही."

असिस्टंटशिप बंद म्हणजे फी बंद, फी बंद म्हणजे व्हिसा बंद, आणि व्हिसा बंद म्हणजे अर्धी पीएचडी बॅगेत घालून मी परत सांगलीला.

"लिहून तर सगळं तयार आहे," मी म्हटलं.

"हो. फक्त लॅटिन राहिलंय."

आता हे लॅटिनचं लचांड कुठून आलं ते सांगतो. युरोपात रेनेसाँसनंतर विज्ञानाची हवा सुरू झाली तेव्हा स्वीडनच्या माणसाचं स्वीडिश डच माणसाला कळेना, आणि डच माणसाचं डच त्याच्या बायकोलाही कळेना. म्हणून शिकल्यासवरल्या लोकांनी लॅटिनमध्ये लिहायचं ठेवलं. इथवर ठीक. आपल्याकडेही काशीचा पंडित आणि कांचीचा पंडित भांडले तर संस्कृतातच भांडायचे. पण पुढे भौतिकशास्त्रवाले पंगतीतून उठले, रसायनवाले उठले, गणितवाले उठले. डॉक्टरांनी हाडांची नावं तेवढी खिशात घातली आणि तेही सटकले. राहिले कोण? वनस्पतिशास्त्रवाले. पागडीच्या खोलीतल्या भाडेकरूसारखे ते हलेचनात. उलट त्यांनी नियम करून ठेवला की नव्या झाडाला नाव द्यायचं तर त्याचं चार ओळींचं वर्णन लॅटिनमध्ये पाहिजे. अळंबी झाड नव्हे, पण जुन्या लोकांनी तिला झाडांत ढकललं ते ढकललं. बाकी सगळा लेख तुम्ही इंग्रजीत लिहा, चिनीत लिहा, मोडीत लिहा. त्या चार ओळी नसतील तर नाव जन्मलंच नाही.

आणि लॅटिन तरी कुठलं हो? रोममध्ये ना सूक्ष्मदर्शक होता, ना अळंबीचे बीजाणू कुणी पाहिले होते. हे यांनीच आपापल्या अभ्यासिकेत बसून शिजवलेलं लॅटिन. साक्षात रोमच्या सम्राटाला उठवून त्या चार ओळी वाचून दाखवल्या असत्या तर तो म्हणाला असता, बाबांनो, काहीतरी ओळखीचं बोला.

आमच्या विद्यापीठात त्या चार ओळी लिहिणारा माणूस एकच. निवृत्त प्राध्यापक. सुकवलेल्या झाडांचा संग्रह ठेवतात त्या तळघरात त्यांना एक खोली दिलेली होती. त्यांच्या भुवया एवढ्या वाढलेल्या की मे महिन्यात त्यांत चिमण्या शिरताना मी पाहिल्यात. मी त्यांना मनातल्या मनात गुरुजी म्हणायचो, कारण थाट सगळा तोच. यजमानाला मंत्र कळत नाही, गुरुजींना घाई नाही, आणि विचारायची सोय नाही. अर्ध्या अमेरिकेतून अडलेल्या विद्यार्थ्यांची पाकिटं, आत नमुना आणि त्याचं इंग्रजी वर्णन, त्यांच्याकडे यायची. दक्षिणा ठरलेली: लेखाच्या शेवटी आभारात त्यांचं नाव सगळ्या पदव्यांसकट, आणि भेटायला येताना घरी केलेला पाय, म्हणजे सारण भरून भाजलेला तिकडचा गोड पदार्थ.

मला पाय कुठला येतोय? पुण्याच्या मित्राच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, पुरणपोळ्या करून दिल्या. गुरुजींनी एक पोळी हातात घेतली, दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "यंग मॅन, तुझा पाय चपटा झालाय."

खाल्ल्या मात्र सगळ्या.

जानेवारीत पाकीट दिलं. फेब्रुवारीत गेलो. गुरुजी म्हणाले, "विचार चालू आहे." मार्चच्या सुरुवातीला गेलो. "एक अडचण आहे," ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले. मला वाटलं, गेले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "शेंगदाणा."

"शेंगदाण्याचं काय, सर?"

"रोमन माणसानं शेंगदाणा पाहिला नव्हता."

"सर, रोमन माणसानं मिनेसोटाही पाहिलं नव्हतं."

"वास शेंगदाण्यासारखा, हे मी लॅटिनमध्ये कोणत्या तोंडानं लिहू? बदामासारखा चालेल का?"

"पण वास बदामाचा नाही ना!"

"बदाम शोभून दिसतो," गुरुजी म्हणाले.

विज्ञानाची ही तऱ्हा. अळंबीला जो वास येतो तो लिहायचा नाही, का, तर दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या कुणा इटालियन माणसाच्या नाकाला तो ओळखीचा नव्हता! आणि याला हे लोक परंपरा म्हणतात. मी परत आलो. बाहेर बर्फ एवढा की विद्यापीठाच्या संस्थापकाचा पुतळा नाकापर्यंत गाडला गेला होता. मला त्याचाही हेवा वाटला. त्याला कुणी शेंगदाणा विचारत नव्हतं.

एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा पोळ्या घेऊन गेलो. गुरुजी चिडलेले.

"तुझं तुलाच नक्की नाही," ते म्हणाले. "टेक्सासच्या नमुन्यात तू लिहितोस वास भाजलेल्या शेंगदाण्याचा, मिनेसोटाच्या नमुन्यात लिहितोस ओल्या टरफलांचा. आधी एक काहीतरी ठरव."

"टेक्सासचा कुठला नमुना, सर?"

"तुझाच! प्लेनोचा. कुठल्याशा ऑफिसच्या बागेतला. नोव्हेंबरात पाठवलास तो."

मी आयुष्यात टेक्सासला गेलो नव्हतो.

त्यांनी टेबलावरचं दुसरं पाकीट माझ्यापुढं आपटलं. पाठवणाऱ्याचं आडनाव मराठी. माझंही 'कर'वर संपणारं, त्याचंही 'कर'वर. दोघं भारतीय, दोघांची अळंबी मल्चमधली, आणि गुरुजींनी आम्हां दोघांचा मिळून एक माणूस करून टाकला होता. कपटानं केलं असतं तर मी त्यांना मान दिला असता. कपटाला निदान लक्ष द्यावं लागतं. त्यांनी आम्हांला पाहिलंच नव्हतं! आणि हे गृहस्थ एका गवताच्या दोन जाती पात्यावरच्या लवेवरून वेगळ्या करतात म्हणून जगप्रसिद्ध होते.

पायऱ्या चढताना मी हिशेब मांडला. ज्याचं नाव आधी छापून येईल त्याची जात. दुसऱ्याचं काम रद्दी. त्या टेक्सासवाल्याचं पाकीट माझ्या आधी आलेलं. गुरुजींच्या भुवईला उद्या खाज सुटली आणि त्यांनी त्याच्या चार ओळी आधी लिहिल्या, तर माझं प्रकरण संपलं, आणि माझ्या ओळी आधी लिहिल्या तर त्याचं. त्याच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर फोन नंबर होता. शनिवारी मोबाइलची मिनिटं फुकट. मी मित्राच्या स्वयंपाकघरात बसून फोन लावला.

"हॅलो, हू इज दिस?"

"मराठी का?" मी विचारलं.

"नागपूर. आपण?"

"सांगली. तुमच्याकडे एक अळंबी आहे. मल्चमधली. शेंगदाण्याच्या वासाची."

पलीकडे खुर्ची अशी सरकली की आवाज प्लेनोहून मिनेसोटापर्यंत आला. मग तो म्हणाला, "काय बे, तुले कोणी सांगितलं?"

मी सगळं सांगितलं. गुरुजींना त्यानं ज्या शिव्या दिल्या त्या लॅटिनमध्ये घालायच्या तर लॅटिनला आणखी पाच हजार वर्षं जगावं लागेल. त्याचीही गत माझ्यासारखीच होती. फंडिंग मेमध्ये संपत होतं, आणि त्याचा गाइड रोज दारात येऊन उभा राहत होता. एकच मल्चचा व्यापारी दोन्हीकडे माल पाठवत असणार, त्यामुळं एकच अळंबी दोघांच्या नशिबी.

"एकत्र छापू," मी म्हटलं.

"छापू ना. पण लॅटिन कोण लिहून राहिला? तो म्हातारा?"

"आपणच लिहू."

"तुले येते का?"

"नाही."

"मलाही नाही येत. पण ऐक, नियमाचं पुस्तक माझ्यासमोर आहे. त्यात 'लॅटिन' लिहिलंय बे. 'चांगलं लॅटिन' कुठं लिहिलंय?"

नागपूरच्या या एका वाक्यावर मी अख्खी पीएचडी ओवाळून टाकतो.

पुढचे दोन शनिवार आम्ही फोनवर लॅटिन शिजवलं. कृती अशी: लायब्ररीतून शंभर-दीडशे जुन्या अळंब्यांची वर्णनं आणायची आणि लागेल ते उचलायचं. टोपी एका जर्मन साहेबाच्या लेखातली, दांडा एका फ्रेंचाचा, चिकटपणा कुणा डेन्मार्कवाल्याचा. उल्हासनगरी माल. पण उचलता उचलता लक्षात आलं की तो जर्मन फ्रेंचाचं उचलत होता, फ्रेंच त्याच्या आधीच्या स्वीडिशाचं, आणि पिढ्यान्‌पिढ्या सगळे एकमेकांच्या त्याच चार ओळी धुऊन वाळवून वापरत आले होते. विद्वत्ता म्हणून ज्याचा दरारा, तो हा भाड्याचा कोट! बाह्या तेवढ्या लांब-आखूड करायच्या.

पुण्याचा मित्र शेजारी बसून शेरे मारत होता. त्याला दहावीत संस्कृतात भरघोस मार्क पडलेले, त्यामुळे जगातल्या सगळ्या मेलेल्या भाषा आपल्या चुलत बहिणीच आहेत असं त्याचं मत. "विभक्ती ही विभक्तीच असते रे," तो म्हणायचा आणि वाटेल त्या शब्दाला वाटेल ते शेपूट जोडायचा. नागपूरकर फोनवरून ओरडायचा, "कोण आहे बे हा?" मी म्हणायचो, "पुण्याचा आहे." तो म्हणायचा, "मग राहू दे."

शेंगदाणा आम्ही तसाच ठेवला. भुईमुगाचं शास्त्रीय नाव घातलं, झालं. रोमन लोकांनी आपलं पाहून घ्यावं.

भांडण झालं ते नावावरून. दोन मराठी माणसं एका कामाला बसली आणि भांडली नाहीत तर पितर जेवत नाहीत. तो म्हणे अळंबीला नागपूरचं नाव, मी म्हणे सांगलीचं. मग तो म्हणे त्याच्या आईचं. मी म्हटलं, मग माझ्या आईचं का नको? आईला विचारायला फोन केला.

"कशाला नाव देतोयस?" आईनं विचारलं.

"अळंबीला."

"कुत्र्याच्या छत्रीला माझं नाव? तिकडं जाऊन हे शिकलास? तुझ्या बापाचं दे."

बाबांना विचारायचं धाडस मला झालं नाही. नागपूरच्या आईनंही साधारण हेच उत्तर दिलं असावं, कारण दुसऱ्या शनिवारी तो गपगार होता. शेवटी 'लाकडाच्या चुऱ्यात राहणारी' एवढाच अर्थ होईल असं साधं नाव दिलं, आणि दोन्ही घरची अब्रू वाचवली.

मोठ्या जर्नलमध्ये छापून यायला वर्ष लागलं असतं. आम्ही लेख पाठवला एका हौशी अळंबीमंडळाच्या छापील पत्रकाला. संपादक एक निवृत्त दंतवैद्यबाई. पत्रकात निम्म्या जागेत मशरूम सूपच्या कृती असायच्या. पण ते छापलं जात होतं आणि लायब्रऱ्यांना जात होतं, आणि नियमाला तेवढंच लागत होतं. गाइडबाईंना मसुदा दाखवला. त्या लॅटिनच्या ओळींवर बराच वेळ बोट फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "इंटरेस्टिंग. सरांनी पाहिलंय?"

"नाही."

"मग हे धरायचं की नाही ते छापून आल्यावर बघू," त्या म्हणाल्या.

मेच्या मध्याला पत्रक आलं. आमची अळंबी क्रीम सूप आणि एका पिकनिकच्या निमंत्रणाच्या मध्ये चेपून बसली होती. मी ते गाइडबाईंच्या टेबलावर ठेवलं. कसं कोण जाणे, ते शुक्रवारच्या आत तळघरात पोचलं.

शुक्रवारी दुपारी आमच्या डिपार्टमेंटमध्ये चहा आणि कुकीज असायच्या. सगळे प्राध्यापक, सगळे विद्यार्थी. गुरुजी वर कधीच यायचे नाहीत. त्या दिवशी आले. हातात पत्रक. भुवया अशा ताठ की दारातून शिरताना तिरपे झाले. चमचा कपावर वाजवून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं.

"या विभागातून," ते म्हणाले, "एक लॅटिन वर्णन बाहेर पडलं आहे. मला वाटतं सहकाऱ्यांनी ते ऐकावं, आणि मग ते प्रबंधात धरायचं का ते ठरवावं."

माझ्या हातातली कुकी कपात पडली. गाइडबाई माझ्यापासून चार पावलांवर उभ्या होत्या, आणि माझ्या समितीतले बाकीचे प्राध्यापकही तिथंच. माझं काय व्हायचं ते त्या खोलीत, कुकीज खाता खाता ठरणार होतं.

गुरुजींनी वाचायला सुरुवात केली. काय आवाज होता! खर्जातला, थरथरता, एखाद्या मोठ्या देवळात घुमावा तसा. पहिली ओळ वाचून ते थांबले आणि त्यांनी वर पाहिलं. काहीतरी भयंकर चूक असणार तिथे. लोकांच्या तोंडून 'अरेरे' निघावं म्हणून ते थांबले होते. एकजण मान डोलावत होता. ते पुढची ओळ वाचू लागले, मधेच एका शब्दावर त्यांनी असा जोर दिला की टेबलावरचं दूध हिंदकळलं, आणि पुन्हा थांबले. शेवाळांचा तज्ज्ञ छताकडे पाहत होता. गवतांच्या बाई गंभीर चेहरा करून ऐकत होत्या, कीर्तनाला पहिल्यांदा आलेल्या माणसासारख्या. तिसरी ओळ. गुरुजींचा आवाज चढला. चौथीला तो फाटला. शेवटच्या शब्दाला ते पत्रक खाली घेऊन भरल्या खोलीकडे बघत उभे राहिले. त्यांचे डोळे एकेका चेहऱ्यावरून सरकत होते: विभागप्रमुख, शेवाळं, गवतं, नेचे, मग माझ्या गाइडबाई. चाळीस-चाळीस वर्षं लॅटिन नावं तोंडात घोळवणारी माणसं होती ती. त्यातल्या एकालाही कळलं नव्हतं की हे चांगलं होतं की वाईट.

मग मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. भीड म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या.

"सुंदर वाचलंत," विभागप्रमुख म्हणाले आणि कुकीजची बशी त्यांच्यापुढं केली.

गुरुजींनी बशी बाजूला सारली. मग ते माझ्या गाइडबाईंकडं वळले आणि अगदी हळू म्हणाले, "तुला तरी त्यातल्या चुका ऐकू आल्या ना?"

गाइडबाईंनी चहाचा घोट घेतला. "मला तर ठीक वाटलं," त्या म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी माझ्या प्रकरणावर सही केली.